सणावाराची मेल सणाच्या किती आधी? घरगुती फराळ-मसाला व्यवसायासाठी वर्षभराचं नियोजन

नरकचतुर्दशीच्या पहाटे 'शुभ दीपावली' अशी मेल धाडून फराळाच्या ऑर्डरी येत नाहीत. तोवर गिऱ्हाइकाच्या घरचा चिवड्याचा डबा अर्धा झालेला असतो आणि तुमच्याकडच्या तळणाच्या बायका पाय पसरून बसलेल्या असतात. मेल कधी पाठवायची हे सणाच्या तारखेवरून ठरत नाही. गिऱ्हाईक खरेदीचं ठरवतं त्या दिवसावरून ठरतं, आणि तो दिवस सणाच्या कितीतरी आधी येऊन जातो. म्हणून सगळं नियोजन उलटीकडून करायचं.

उदाहरणाला एक घरगुती व्यवसाय धरू. पुण्यात किंवा कोल्हापुरात तिघीचौघी मिळून काम करतात. उन्हाळ्यात मसाले नि वाळवणं, गणपतीत मोदकाची पिठी, दिवाळीत फराळ. काही गिऱ्हाइकं गावातली, काही परदेशातली. तुमचा धंदा साड्यांचा किंवा शाडूच्या मूर्तींचा असला तरी रीत हीच, फक्त तारखा तुमच्या.

व्हॉट्सॲप असताना मेल कशाला?

प्रश्न रास्त आहे. गल्लीतल्या गिऱ्हाइकासाठी व्हॉट्सॲपच बरं, त्याला मेल पाठवून काही साधत नाही. पण व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. वर तो निरोप संध्याकाळपर्यंत 'सुप्रभात'च्या फुलांखाली गाडला जातो. तीन प्रकारच्या लोकांना मेल सोयीची पडते. परदेशात राहणारे, कारण त्यांना दर आणि तारखा नीट वाचून नवराबायकोत ठरवायचं असतं. कंपन्या आणि सोसायट्या, कारण तिथे मेल पुढे पाठवून मंजुरी घ्यावी लागते. आणि वर्षातून एकदाच घेणारी जुनी गिऱ्हाइकं, जी तुमचं नाव विसरलेली असतात पण चकली विसरलेली नसतात.

आधी कागदावर: किती करता येईल?

मेल लिहायला बसण्याआधी वही घ्या. दिवसाला किती किलो चकली निघते, किती चिवडा, किती लाडू वळले जातात, आणि तळणाला किती दिवस मिळतात, हे लिहून काढा. त्यातून नेहमीच्या, फोनवरून सांगणाऱ्या गिऱ्हाइकांचा वाटा वजा करा. उरेल तेवढंच मेलमधून विकायचं आहे.

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मग एकाच दिवशी सगळ्या यादीला मेल जाते आणि तीन दिवसांत दुपटीने ऑर्डरी येतात. बाहेरून करून घेतलेली चकली खोक्यात जाते, आणि गिऱ्हाइकाला पहिल्या घासाला कळतं. क्षमता कमी असेल तर यादीचे भाग पाडा. जुन्यांना आधी कळवा, बाकीच्यांना चार दिवसांनी.

मग दिनदर्शिका, आणि तीही पंचांग पाहून

मागच्या वर्षीच्या तारखा उचलून चालत नाही. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर गेलं. कारण मध्ये अधिक महिना आला: १७ मे ते १५ जून २०२६, अधिक ज्येष्ठ. कालनिर्णय किंवा दाते पंचांग हाती आलं की एका बैठकीत वर्षभराच्या तारखा मांडा.

मसाला-फराळवाल्यांचं वर्ष साधारण असं असतं. जानेवारीत संक्रांतीचा तिळगूळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी मिरची बाजारात आली की वर्षाच्या मसाल्याची नोंदणी. एप्रिल-मेमध्ये पापड, कुरडया, सांडगे. पाऊस लागायच्या सुमारास कैरीचं लोणचं. श्रावणात उपासाची भाजणी. मग मोदकाची पिठी, नवरात्रात राजगिरा-भगर, आणि शेवटी दिवाळी.

यातल्या प्रत्येकाला मेल पाठवू नका. वर्षाला चार मोठे हंगाम निवडा. प्रत्येकाला दोन किंवा तीन मेल, आणि मधल्या काळात दीड-दोन महिन्यांतून एक साधं पत्र. माझ्या मते घरगुती व्यवसायाला याहून जास्त झेपत नाही, आणि वाचणाऱ्यालाही नको असतं.

अधिक महिना वर आलाच आहे, तर त्याकडे धंद्याच्या नजरेने पाहा. अधिक मासात लग्नं नसतात, म्हणून रुखवताच्या ऑर्डरी थांबतात. पण जावयाला वाण द्यायचं असतं, आणि त्यात ३३ अनारसे लागतात. हा हंगाम दर ३२-३३ महिन्यांनी येतो आणि बहुतेकांच्या दिनदर्शिकेत नसतो. आता उलटं मोजा. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजायचे, सावलीत वाळून दळायचे, गुळात मळलेलं पीठ चार-पाच दिवस मुरायचं. म्हणजे नोंदणी आणि तळण यांच्यात दहा दिवस तरी हवेत. महिना १७ मेला लागणार असेल तर पहिली मेल २० एप्रिलच्या आसपास जायला हवी. सासूबाईंना आठवण करून देणारं ते एकमेव पत्र असेल, आणि त्यांना ते आवडतं.

उलट मोजणी: दिवाळी २०२६

एक हंगाम पूर्ण करून दाखवतो, बाकीचे असेच करायचे. लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला.

परदेशी पार्सलं आधी घेऊ. पार्सल वसुबारसेच्या आधी, म्हणजे ५ नोव्हेंबरच्या आत, पोचायला हवं. कुरिअरवाला 'सात-आठ दिवस' म्हणतो, पण ते कस्टममध्ये काही अडलं नाही तर. जवळपास तीन आठवडे हाताशी ठेवले तर पार्सल १६ ऑक्टोबरला घरातून निघालं पाहिजे. तळण आणि पॅकिंग ११ ते १५ ऑक्टोबर. नोंदणी बंद ८ ऑक्टोबरला. मग पहिली मेल कधी? दोन आठवडे आधी धरले तर २३-२४ सप्टेंबर, आणि आठवणीची मेल ६ ऑक्टोबरला.

आता पंचांगाशी ताडून पाहा. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे आणि त्यानंतर सर्वपित्रीपर्यंत, म्हणजे १० ऑक्टोबरपर्यंत, पितृपक्ष. आठवणीची मेल बरोबर त्यात पडते. पितृपक्षात नवी खरेदी न करणारी घरं अजून पुष्कळ आहेत. त्यामुळे पहिली मेल विसर्जनाआधी, २३ तारखेलाच जाऊ द्या. पितृपक्षातल्या मेलमध्ये आकाशकंदील नि पणत्यांची चित्रं नकोत. 'परदेशातल्या पार्सलांची नोंदणी गुरुवारी बंद होते' एवढं कोरडं वाक्य पुरतं. तारीख सांगितलेली कुणालाच खटकत नाही.

राज्यातल्या गिऱ्हाइकांची गोष्ट सोपी. शेवटचं पार्सल ३० ऑक्टोबरला निघावं, नोंदणी २४ला बंद. पहिली मेल घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, १२ ऑक्टोबरला. दुसरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, २१ला. तिसरी २३ला, फक्त दोन ओळींची, आणि ज्यांनी ऑर्डर दिली आहे त्यांना वगळून. ऑर्डर देऊन बसलेल्या माणसाला 'अजून ऑर्डर दिली नाहीत?' असं विचारलं की त्याला वाटतं आपली ऑर्डर हरवली, आणि तो फोन करतो. तळणाच्या दिवसांत असे वीस फोन परवडत नाहीत.

आणखी एक गोष्ट पंचांगात सापडत नाही, ती म्हणजे पगार. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, नोंदणी २४ ऑक्टोबरला बंद, म्हणजे महिनाअखेरीला. ऑक्टोबरचा पगार गिऱ्हाइकाच्या हाती यायचा असतो. अशा वर्षी 'निम्मे पैसे आता, निम्मे पार्सल निघताना' ही सोय पहिल्याच मेलमध्ये स्पष्ट लिहा. दिवाळी २०-२५ तारखेच्या सुमारास येते त्या वर्षी ही अडचण नसते, कारण नोंदणी पगाराच्या आठवड्यात पडते.

कंपन्यांचं वेळापत्रक निराळंच. भेटवस्तूंचं बजेट नि मंजुरी यात महिना सहज जातो. त्यांना ऑगस्टअखेर एक वेगळी मेल हवी: दोन किंवा तीन ठरलेली खोकी, प्रत्येकाचं वजन, दर, जीएसटीसह बिल मिळेल की नाही, आणि किमान किती घ्यावी लागतील. 'आमच्या आजीच्या हातची चव' वगैरे मजकूर त्यांना नको.

परदेशी पार्सलांच्या बाबतीत एक सावधपणा पाळा. २०२५ मध्ये अमेरिकेने कमी किमतीच्या पार्सलांवरची आयातशुल्काची सूट २९ ऑगस्टपासून काढली. आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, आणि सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या सहा दिवस आधी. तेव्हा पहिल्या मेलमध्ये दर लिहितानाच 'तिथे शुल्क लागल्यास ते कोण भरणार' आणि 'सेवा बंद झाल्यास पैसे कसे परत' या दोन ओळी घालाव्यात. आणि पार्सलं घेतली जाताहेत ना, हे मेल धाडण्याच्या आदल्या दिवशी कुरिअरवाल्याला विचारावं. आदल्या महिन्यात विचारलेलं धरू नये.

यादी: कोण राहतं कुठे, आणि पार्सल जातं कुठे

यादी विकत घेऊ नका. ज्यांनी तुमच्याकडून कधी काही घेतलेलं नाही ते तुमची मेल 'स्पॅम' म्हणून ढकलतात, आणि मग तुमच्या हक्काच्या गिऱ्हाइकांनाही ती स्पॅममध्येच मिळते. पत्ते तुमच्याजवळच असतात: ऑर्डरीच्या वह्या, जुने ऑनलाइन फॉर्म, पार्सलांच्या पावत्या. भीमथडी जत्रा किंवा महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात स्टॉल लावत असाल तर टेबलावर एक रजिस्टर ठेवा. त्यात नाव, मेल, आणि 'हंगामाची माहिती पाठवू का? हो / नाही' असा रकाना. 'नाही' लिहिणाऱ्याला खरंच पाठवू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे. स्पष्ट संमती, आणि ती मागे घेण्याची सोय, हा त्याचा गाभा आहे. बाकी, ऑर्डर देणाऱ्याने पार्सलसाठी पत्ता दिला म्हणजे जाहिरातीला होकार दिला असं समजू नये, हे कायदा नसतानाही खरं होतंच.

यादीचे गट पाडताना बहुतेक जण 'भारतातले' आणि 'परदेशातले' असे दोन करतात. ते चुकतं. न्यू जर्सीतला मुलगा अनेकदा ऑर्डर देतो ती सांगलीतल्या आईवडिलांसाठी, कारण आईला आता तळणापुढे उभं राहवत नाही. त्याची शेवटची तारीख ८ ऑक्टोबर नाही, २४ आहे. म्हणून फॉर्ममध्ये 'तुम्ही कुठे राहता' याच्या जोडीला 'पार्सल कुठे जाणार' हेही विचारा आणि गट त्यावर पाडा. या मुलांना वेगळी मेल लिहिलीत तर त्यात एकच गोष्ट महत्त्वाची असते: पार्सल पोचल्यावर आईबाबांच्या दारातून तुम्ही कळवाल की नाही. कळवणार असाल तर ती ओळ सगळ्यात वर घ्या.

मेल लिहिताना

एका मेलचं एकच काम. नोंदणीच्या मेलमध्ये काय आहे, किती रुपये, शेवटची तारीख आणि ऑर्डर कुठे द्यायची एवढंच. ही चार उत्तरं फोनच्या पहिल्या पडद्यावर दिसली पाहिजेत. व्यवसायाची कहाणी खाली कुठेतरी, किंवा वेगळ्या पत्रात.

विषयाच्या ओळीत तारीख आणि पदार्थ हवा. 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' या विषयाची मेल उघडायचं कारण नसतं. याऐवजी हे पाहा:

'चकली, चिवडा, लाडू: परदेशी पार्सलं ८ ऑक्टोबरपर्यंत'

'कांदा-लसूण मसाला यंदा एकदाच कुटणार, नोंदणी सुरू'

'मोदकाची पिठी: आंबेमोहोर, ताजी दळलेली, चतुर्थीआधी घरपोच'

फोनवर तीस-चाळीस अक्षरांनंतर ओळ तुटते, म्हणून महत्त्वाचा शब्द आधी.

भाव वाढला असेल तर लपवू नका. 'सुकं खोबरं महागलं, म्हणून गोडा मसाला किलोमागे इतक्याने वाढला' असं लिहिलं की लोक समजून घेतात. खोबऱ्याचा भाव त्यांनाही माहीत असतो. गुपचूप पाव किलोचे दोनशे ग्रॅम करणाऱ्याला मात्र कोणी माफ करत नाही.

मराठी मजकुराच्या दोन व्यावहारिक अडचणी आहेत. डीटीपीवाल्याने श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये करून दिलेला मजकूर मेलमध्ये चिकटवला तर समोर चिन्हांचा खिचडा उमटतो. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. दुसरी अडचण म्हणजे सगळी मेल एका मोठ्या चित्रात करणं. पत्रक छापायला दिलं होतं तेच चिकटवलं की काम झालं, असं वाटतं. पण चित्रं बंद ठेवणाऱ्याला काहीच दिसत नाही, आजोबांना अक्षर मोठं करता येत नाही, आणि महिन्याने कोणी 'चकली' असं शोधलं तर मेल सापडत नाही. पदार्थांचे दोन-तीन फोटो पुरे, दर आणि तारखा अक्षरांत. मेल पाठवण्याच्या टूलमधले सजावटीचे ठोकळे कमी वापरा. साधारण १०२ केबीपेक्षा मोठी मेल जीमेल मध्येच कापतं, आणि ऑर्डरची लिंक तळाशी असेल तर तीच दिसेनाशी होते.

पाठवण्याची यंत्रणा

साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपलीकडे मेल जात नाही. शिवाय चुकून सगळे पत्ते सगळ्यांना दिसले तर शोभा होते ती वेगळीच. झोहो कॅम्पेन्स, मेलचिंप, ब्रेव्हो, मेलरलाइट या सगळ्या यादीला एकदम मेल पाठवणाऱ्या टूलांपैकी एखादं घ्या. लहान यादीला त्यातलं कुठलंही चालेल, निवडण्यात आठवडा घालवू नका. मात्र स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे जीमेलऐवजी तुमच्या वेबसाइटच्या नावाचा, पत्ता हवा. त्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी करून घ्या. मेल खरंच तुमच्याकडून आली आहे हे त्यांवरून समोरच्या सर्व्हरला पटतं. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून याबाबत कडक धोरण घेतलं आहे. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाला या तीन नोंदी सांगा, त्याचं ते अर्ध्या तासाचं काम आहे.

मेलच्या तळाशी 'यादीतून नाव काढा' ही लिंक सहज दिसेल अशी ठेवा. खाली व्यवसायाचं नाव, टपालाचा पत्ता आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) नोंदणी क्रमांक. अमेरिकेतल्या लोकांना व्यापारी मेल पाठवताना टपालाचा पत्ता देणं तिथल्या कायद्यानेच बंधनकारक आहे.

वेळेचं फार शास्त्र करू नका. राज्यातल्यांना रात्री साडेआठनंतर, जेवणं उरकल्यावर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्यांना आपल्या संध्याकाळी सातला पाठवलं की उन्हाळी वेळेत तिथे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. विसर्जनाच्या दिवशी आणि भारत-पाकिस्तान सामन्याच्या संध्याकाळी पाठवू नका.

हंगाम नसताना

मधल्या पत्रात विकू नका. लोकांच्या उपयोगाचं लिहा. जूनमध्ये: मसाल्याच्या बरणीत हिंगाचे खडे घाला, चमचा कोरडा वापरा, लोणच्यावर तेलाचा थर राहू द्या, पापडाचा डबा पावसाआधी एकदा उन्हात ठेवा. मार्चमध्ये: ब्याडगीने रंग येतो, लवंगीने तिखटपणा, आणि तुमच्या मसाल्यात दोन्हींचं प्रमाण काय. प्रमाण सांगितल्याने गिऱ्हाईक जात नाही, कारण मिरच्या उन्हात घालून, देठ खुडून, तळून कुटायला कुणाला वेळ आहे? असं पत्र आलं की लोक उत्तर लिहितात. एखाद्या काकू दगडफुलाचं प्रमाण चुकलंय असंही कळवतात. त्या उत्तरांना उत्तर द्या, कारण ज्याच्याशी पत्रव्यवहार आहे त्याच्या स्पॅममध्ये सहसा तुमची मेल जात नाही.

हंगाम संपल्यावर

किती जणांनी मेल उघडली हा आकडा टूल दाखवतं, पण त्यावर विसंबू नका. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आहे. ती चालू असली की न वाचलेली मेलही उघडल्यासारखी मोजली जाते. त्यापेक्षा ऑर्डरच्या फॉर्मवर 'कुठून कळलं' हा एक प्रश्न ठेवा आणि वहीत चार गोष्टी लिहा: कुठल्या मेलनंतर किती ऑर्डरी आल्या, किती जणांनी नाव काढलं, शेवटच्या तारखेनंतर किती जण आले, आणि काय संपलं. तुळशीचं लग्न उरकलं की लगेच लिहा, जानेवारीत आठवत नाही.

शेवटच्या तारखेनंतर आलेल्यांची यादी जपून ठेवा. त्यांना पुढच्या वर्षी पहिली मेल चार दिवस आधी. ते चिकट असतात म्हणून उशीर करत नाहीत, त्यांना उशिरा कळलेलं असतं.

मग पुढच्या वर्षीचं पंचांग उघडा. २०२७ मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे, म्हणजे दहा दिवस आधी. पितृपक्ष, नवरात्र, दसरा हे सगळं तितकंच सरकतं, त्यामुळे मेलांचा क्रम तोच राहतो. पण पाऊस तिथी पाहून जात नाही. परदेशी पार्सलांचं तळण आता १ ते ५ ऑक्टोबरला येईल, आणि तेव्हा हवा दमट असू शकते. भाजणीची धान्यं धुऊन वाळवायला दोन दिवस जास्त धरा, पॅकिंगची पिशवी जाड घ्या, आणि नोंदणी त्या हिशेबाने २८ सप्टेंबरऐवजी २५लाच बंद करा.